आजही घेतली नाही

गेल्या रविवारी संध्याकाळी, आमच्या इमारतीच्या सभागृहात, दारू सोडल्याबद्दल माझा जाहीर सत्कार झाला. फुलांचा गुच्छ मिळाला, दोन भाषणं झाली, आणि भेट म्हणून सहा काचेच्या ग्लासांचा संच मिळाला. तो संच निवडताना कार्यकारिणीच्या मनात नेमकं काय होतं, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

आता हा परिच्छेद कृपया विसरून जा. असं काही झालेलं नाही. मी दारू सोडलेली नाही, कारण ती सोडण्यासाठी आधी जे करावं लागतं ते मी कधी केलेलं नाही. आपण सरळ दुसऱ्या परिच्छेदापासून सुरुवात केली आहे असं धरून चालू.

मी माहितीपत्रकं लिहितो. वॉशिंग मशिनच्या खोक्यात सगळ्यात वर एक पातळ पुस्तक असतं, जे तुम्ही न उघडता ड्रॉवरमध्ये टाकता आणि मशिन बिघडल्यावर शोधता, ते माझं. ज्याचे दोन अर्थ निघणार नाहीत असं वाक्य लिहिणं हा माझा धंदा आहे. 'दार उघडण्यापूर्वी दार बंद आहे याची खात्री करा' हे वाक्य माझंच. हे अभिमानाने सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्याकडे अभिमान फारसा उरणार नाही.

दुसरी गोष्ट, मला फिट येते. यायची, असं म्हणू. नवव्या वर्षापासून सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ अशी एकेक गोळी घेतो, आणि ती घेतली की मी तुमच्याइतकाच कंटाळवाणा माणूस असतो. नाही घेतली तर काय होतं ते दोन वर्षांपूर्वी कपबश्यांच्या एका दुकानात कळलं. ओळीने तीन गोळ्या विसरलो होतो. शुद्धीवर आलो तेव्हा चौदा माणसं माझ्याभोवती गोल करून उभी होती, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला 'जरा हवा येऊ द्या हो' म्हणून सांगत होता. ही बातमी ऑफिसात पोचली, तेव्हा शेजारी बसणाऱ्याने आपली खुर्ची दीड फूट लांब सरकवली. मी मोजलं. तेव्हापासून ठरवलं, इमारतीत हे कुणाला कळू द्यायचं नाही.

आईला अर्थात माहीत होतं. आई म्हणजे चार्जिंग न लागणारा गजर. आठला पाच कमी असताना ती घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून ओरडायची, "घेतलीस का रे?" मी आंघोळीला असलो तर दारावर टकटक करून, आणि ऑफिसात असलो तर माझ्या साहेबांच्या फोनवर. साहेब मीटिंगमध्ये उठून विचारायचे, "आई विचारतायत, घेतलीस का." वय वर्षं सव्वीस.

अशात मला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली. मोठी कंपनी, मोठी यंत्रं, जाड माहितीपत्रकं. आईने नेमणुकीचं पत्र तीनदा वाचलं, घडी घातली, आणि म्हणाली, "साठ दिवस."

"काय साठ दिवस?"

"जायला अडीच महिने आहेत ना? त्यातले शेवटचे साठ दिवस मोजू. तेवढे दिवस मी एकदाही विचारणार नाही. एकही न चुकता घेऊन दाखव. मग जा. चुकली, तर मी पत्र लिहून कळवीन त्यांना, येत नाही म्हणून."

"चालेल."

"आणि गोळ्या तुझ्या बॅगेत ठेव. माझ्या डोळ्यांसमोर नकोत. नाही तर मी मोजत बसेन."

डॉक्टरीणबाईंनाही कल्पना पसंत पडली. साठ दिवसांची नोंद आणून दाखव, एकटा राहू शकतोस असं मी लिहून देते, म्हणाल्या. म्हणजे माझं सगळं भवितव्य एकशेवीस गोळ्यांवर येऊन ठेपलं.

गजर लावून बघावा, असं कुणीही साधं माणूस म्हणेल. माझा मित्र साधा नाही. तो ॲप बनवतो. त्याला आम्ही 'अपडेट' म्हणतो, कारण त्याच्याकडे काहीही मागा, तो म्हणतो, "पुढच्या अपडेटमध्ये." त्याच्या लग्नाबद्दलही त्याने घरी हेच सांगितलेलं आहे.

"गजर काय," अपडेट म्हणाला, "एका बोटाने बंद होतो. माणूस एका बोटाने बंद होत नाही. आपण असं ॲप काढू, की तू गोळी घेतलीस की चार लोक टाळ्या वाजवतील, नाही घेतलीस तर धीर देतील. तरुणांना औषध नको असतं असं नाही रे, एकट्याने औषध नको असतं."

वाक्य बरं होतं. मी लगेच लिहून घेतलं, आणि लिहून घेतलेलं वाक्य खरं वाटायला लागतं हा माझा जुना रोग आहे. त्याला गोळी नाही.

मग आम्ही संशोधन केलं. म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या बाहेरच्या बाकावर बसून तरुण रुग्णांना प्रश्न विचारले. अकरा जणांना विचारलं. आठ जण म्हणाले, आम्ही विसरत नाही. दोघं उद्या उत्तर देतो म्हणाले आणि विसरले. अकरावी ग्रंथालयात नोकरी करणारी मुलगी होती. तिला दमा आहे, ती पंप ओढते. तिने मात्र पोटतिडकीने सांगितलं.

"माझ्या लोकांना कळू दे की मी वेळेवर औषध घेतलं. पण काय घेतलं आणि कशासाठी घेतलं, ते कुणाला कळता कामा नये. स्क्रीनवर आजाराचं नाव नको, औषधाचंही नको. फोन टेबलावर पडलेला असतो हो, सगळं जग वाकून वाचतं."

मला दीड फूट आठवला. मी अपडेटला सांगितलं, "नाव काढ. गोळी, पंप, इंजेक्शन, सगळे शब्द काढ."

"सगळी नामं?"

"सगळी."

अपडेटने सगळी नामं काढली. उरलं क्रियापद. मराठी व्याकरणाचा मला एरवी आदर आहे, पण त्या संध्याकाळी ते माझ्या पाठीमागे उभं राहून हसत असणार. कारण मराठीत 'घेणे' हे क्रियापद एकटं सोडलं की ते सरळ गुत्त्यात जातं. गोळी स्त्रीलिंगी, आणि ती दुसरीही स्त्रीलिंगी. संदेश तयार झाले ते असे: 'तुमच्या मित्राने आत्ताच घेतली. टाळ्या वाजवा!' आणि 'तुमच्या मित्राने अजून घेतली नाही. त्याला आधार द्या.'

मी ते तपासले. धंद्याने तपासले. दोन्ही वाक्यं सुबोध आहेत असा शेरा दिला.

ज्यांना संदेश जायचे त्या लोकांना आम्ही 'आधारमंडळ' नाव दिलं होतं. किमान पाच माणसं हवीत असा नियम मीच घातला होता, कारण चौघांचा आधार मला डगमगता वाटत होता. माझ्याकडे अपडेट आणि ग्रंथालयवाली मिळून दोन माणसं भरली. तिसऱ्यासाठी फोनमधली यादी चाळताना अंगठा घसरला आणि 'इमारत: पाणी व पार्किंग' या ग्रुपवर पडला. ॲपने विचारलं, एक्केचाळीस सदस्य जोडायचे का? मी 'नको' शोधत होतो. तिथे 'हो' आणि 'नंतर हो' एवढंच होतं.

"काढून टाक त्यांना," मी अपडेटला फोन केला.

"काढता येईल की. ज्याला काढायचं त्याची संमती घ्यावी लागेल. आधार असा अर्ध्यावर सोडता येणार नाही, हा नियम तुझाच ना?"

"माझाच. मग ॲप बंद करून नव्याने चालू करू?"

"त्यात पहिल्या दिवसाची नोंद बुडेल. साठ दिवस आज सुरू झाले ना तुझे?"

झाले होते. मी स्वतःला म्हटलं, जाऊ दे. लोक पाण्याचे निरोप तरी कुठे वाचतात.

लोकांनी वाचले. पहिल्या दिवशी सकाळी आठ वाजून दोन मिनिटांनी आमच्या सात मजल्यांवरच्या एक्केचाळीस फोनवर माझ्या फोटोसकट बातमी पोचली, की मी आत्ताच घेतली, आणि टाळ्या वाजवाव्यात. संध्याकाळी आठला पुन्हा.

चौथ्या दिवशी सेक्रेटरीकाकांनी मला जिन्यात गाठलं. सेक्रेटरीकाका पूर्वी अभिलेख कार्यालयात होते. निवृत्त झाले तेव्हा कार्यालय तिथेच राहिलं, पण अभिलेख त्यांच्याबरोबर घरी आले असावेत. ते प्रत्येक गोष्टीची नोंद करतात. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"सकाळी आठला घेतोस?"

मला वाटलं, यांना सगळं कळलं, आणि किती समंजसपणे विचारतायत.

"हो काका. सकाळी आठ, संध्याकाळी आठ. नियमाने."

"नियमाने!" काकांनी कठडा धरला. "कधीपासून?"

"नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून."

"नऊ! आणि आई काही बोलली नाही?"

"आईच द्यायची. स्वतःच्या हाताने. पाण्याबरोबर."

"पाण्याबरोबर."

"मग काय काका, कोरडी घशाखाली उतरते का?"

काका माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सोडायचा विचार?"

"डॉक्टर म्हणतात, एकदम सोडली तर धोका. पुढे-मागे हळूहळू कमी करू."

"मी आहे," काका म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. आजारी माणसाबद्दल एवढी माया मी पहिल्यांदाच पाहिली. वर जाऊन बराच वेळ भारावून बसलो.

त्यानंतर इमारत बदलली. पहिल्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या काकू आहेत, त्या लिफ्टमध्ये माझ्या जवळ येऊन दीर्घ श्वास घ्यायला लागल्या. एकदा म्हणाल्या, "वास येत नाही पण तुझा. चांगल्यातली घेत असशील." मी म्हटलं, "साधीच, पण चांगल्या कंपनीची." त्यांनी मान हलवली, जशी खांद्यात तोकड्या आलेल्या सदऱ्याकडे बघून हलवतात.

उलगडा झाला बाराव्या दिवशी. ऑफिसातून यायला उशीर झाला आणि फाटकात शिरतानाच आठ वाजून गेले. ॲपने इमानाने कळवलं: तुमच्या मित्राने अजून घेतली नाही, आधार द्या. नऊपर्यंत घेतली नाही तर 'चुकली' अशी कायमची नोंद होणार होती. मी धावत जिन्याशी आलो, तर तिथे सेक्रेटरीकाका, शिवणवाल्या काकू आणि आणखी दहा-बारा जण माझी वाट बघत उभे.

"शाब्बास!" काका म्हणाले.

"कशाबद्दल?"

"नाही ना घेतली?"

"नाही, तीच घ्यायला चाललोय."

"अजिबात नाही!" काकूंनी माझं मनगट पकडलं. कात्री चालवणारा हात आहे तो. "पहिली संध्याकाळच अवघड असते. ही काढलीस की झालं. चल, कॅरम खेळू. हात कापतायत का?"

"नाही कापत."

"कापतील हं. घाबरू नकोस."

त्यांनी मला सभागृहात नेऊन बसवलं. सव्वाआठ. साडेआठ. मी सोंगट्या मारत होतो आणि डोक्यात हळूहळू दिवा लागत होता. 'आईच द्यायची' हे वाक्य मला पुन्हा ऐकू आलं, या वेळी काकांच्या कानांनी. आता खरंच हात कापायला लागले. काकू समाधानाने म्हणाल्या, "बघ, म्हटलं नव्हतं?"

आठ चाळीसला मी खिशातून गोळी काढली. म्हटलं, सगळ्यांसमोर गिळून टाकू, पुढचं पुढे.

"ते काय आहे?" काका ओरडले.

"गोळी."

काकू हताशपणे म्हणाल्या, "गोळ्यांवर गेला हो हा."

मी गोळी खिशात टाकली, बाथरूमला जाऊन येतो म्हणालो, आणि लिफ्टमध्ये शिरून दार लावलं. आठ छपन्न. पाण्याशिवाय, लिफ्टच्या आरशात स्वतःकडे बघत, मी ती गिळली आणि ॲपचं बटण दाबलं. आत्ताच घेतली, टाळ्या वाजवा. लिफ्ट चौथ्या मजल्याजवळ असेल. वरून, खालून, चारी बाजूंनी एकाच वेळी आवाज आला, "अरेरे!" सात मजल्यांचं एकत्र अरेरे फार थोड्या लोकांच्या वाट्याला येतं.

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं. मीही आईला तेच म्हणालो, म्हणजे आई मला असं म्हणेल अशी आशा धरून म्हणालो, "आई, लोक मला दारुडा समजतायत."

आई फडक्याने टेबल पुसत होती. विचारायचं नाही असं तिने ठरवल्यापासून आमच्या घरातलं सगळं फर्निचर लखलखीत झालं होतं. आठ वाजता ती भिंतीवरच्या घड्याळाला उद्देशून 'वाजले वाटतं' एवढंच म्हणायची.

"मग काय सांगणार आहेस त्यांना? फिट येते म्हणून?"

"तेच खरं आहे ना?"

"खरं आहे. पण दारुड्याला लोक सुधारायला येतात रे. फिटवाल्यापासून उठून लांब बसतात." तिने फडकं झटकलं. "तुझं तू ठरव. मी काही विचारलेलं नाही."

मी अपडेटकडे गेलो. नाम परत घाल म्हटलं, तर तो म्हणाला, गोपनीयतेचं तत्त्व आता मोडता येत नाही, पुढच्या अपडेटमध्ये बघू. मग क्रियापद तरी बदल म्हटलं. त्याने 'घेतली'च्या जागी 'झाली' घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीला कळलं, की तुमच्या मित्राची आत्ताच झाली, टाळ्या वाजवा. संध्याकाळी मला उशीर झाला तेव्हा 'तुमच्या मित्राची अजून झाली नाही' असं गेलं, आणि पंधरा मिनिटांत दारात तीन वेगवेगळ्या घरांतून तीन वेगवेगळे काढे आले. आम्ही 'घेतली' परत आणली. दारुड्याला निदान एक प्रतिष्ठा असते.

ग्रंथालयवालीचं बरं चाललंय का म्हणून विचारायला गेलो, तर तिच्या टेबलासमोर, फक्त तिच्याच टेबलासमोर, 'धूम्रपान करू नये' अशी मोठी पाटी. तिच्या आधारमंडळात मुख्य ग्रंथपाल होते आणि त्यांना रोज संदेश जायचा, 'तुमच्या मैत्रिणीने आत्ताच ओढला.'

"तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"कशाला? वाचक घाबरून पुस्तकं वेळेवर परत करतायत."

असे पंचेचाळीस दिवस गेले. एकही गोळी चुकली नाही, हे मी जाड अक्षरात सांगू इच्छितो. ॲप खरंच चालत होतं. एक्केचाळीस माणसं तुमच्यावर निराश होण्यासाठी घड्याळ लावून बसली असतील, तर आठ वाजल्याचं विसरणं कुणालाच शक्य नाही.

सेहेचाळिसाव्या दिवशी नव्या कंपनीचं पत्र आलं. राहत्या इमारतीच्या कार्यकारिणीकडून वर्तणुकीचा दाखला आणावा. पुढच्या महिन्याच्या तीन तारखेनंतर दाखला आल्यास नेमणूक रद्द समजावी.

सेक्रेटरीकाकांकडे छापील नमुना होता. त्यांनी चष्मा लावला आणि लिहिलं, 'सदर इसम सुधारत आहे.'

"काका, हे असं नाही देता येणार."

"खोटं लिहू? या हातांनी चौतीस वर्षं नोंदी केल्यात. तू एक कर. ओळीने दहा दिवस 'घेतली नाही' असं येऊ दे. लेखी पुरावा झाला की मी 'वर्तणूक उत्तम' लिहितो, शिक्क्यासकट."

तर मंडळी, परिस्थिती अशी. डॉक्टरीणबाईंना साठ दिवस 'घेतली' हवं. काकांना दहा दिवस 'घेतली नाही' हवं. ॲप एक, बटण एक, मी एक. बॅगेत गोळ्यांचं पाकीट आणि समोर तीन तारीख. मी आजवर तीनशे यंत्रं कशी चालवावीत हे लोकांना सांगितलंय, मला कुणी काही सांगेना.

अपडेटने पहिल्यांदाच पुढच्या अपडेटची वाट न बघता काम केलं. त्याने ॲपचं तोंड दुभंगून दिलं. मी बटण दाबलं की डॉक्टरीणबाईंच्या नोंदीत 'घेतली' जायचं, आणि इमारतीला, दिवसातून दोनदा, आपोआप: 'तुमच्या मित्राने आजही घेतली नाही.'

हे थोर होतं. पहिल्या दिवशी अंगठे आले, तिसऱ्या दिवशी फुलं आली, पाचव्या दिवशी शिवणवाल्या काकूंनी सदरा शिवून दिला. सातव्या दिवशी आई काचेचं भांडं धुताना ते हातातून निसटलं आणि फुटलं. आईच्या हातून भांडी फुटत नाहीत. मी म्हटलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही," आणि घड्याळाकडे पाहिलं. वाजले वाटतं, असंही म्हणाली नाही. रात्री ती माझ्या खोलीचं दार अर्धं उघडं ठेवून झोपायला लागली. मला वाटलं, मी जाणार म्हणून असेल.

एकोणसाठाव्या दिवशी, रविवारी, सत्कार. तो झाला नाही असं आपलं ठरलेलं आहे, त्यामुळे गुच्छाचं वर्णन टाळतो. व्यासपीठावर मी, काका आणि एक पाण्याचा पेला. काकांचं भाषण लांबत होतं आणि आठ जवळ येत होते. आठला एक मिनिट असताना मी रुमालाने तोंड पुसल्यासारखं करून गोळी आत टाकली, पेल्यातल्या पाण्याचा घोट घेतला आणि खिशातल्या खिशात बटण दाबलं. कुणाला दिसलं नाही. काका म्हणत होते, "अशा वेळी माणसाला गरज असते ती..." आणि तेवढ्यात सभागृहातले सगळे फोन एकदम थरथरले.

'तुमच्या मित्राने आजही घेतली नाही.'

काय टाळ्या पडल्या! लोक उभे राहिले. त्या उभ्या राहिलेल्या लोकांत, तिसऱ्या रांगेत, एक बाई आधीपासूनच उभी होती. तिच्या हातात फोन होता, अक्षरं मोठी करून ठेवलेला. पाणी व पार्किंगच्या ग्रुपमध्ये आमच्या घरातूनही एक सदस्य आहे, ही गोष्ट मी साठ दिवसांत एकदाही लक्षात घेतली नव्हती. ती अठ्ठेचाळीस दिवस रोज 'घेतली' वाचून न विचारता राहिली होती. आणि नंतर अकरा दिवस 'घेतली नाही' वाचूनही न विचारता राहिली होती.

टाळ्या थांबायच्या आत आईने सभागृहभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"घेतलीस का रे?"

असं घाबरून विचारताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. वाक्यरचनेचा विचार करायला वेळ नव्हता.

"घेतली, आई."

"कधी?"

"आत्ता. इथेच. स्टेजवर."

आई मटकन खाली बसली. बाकीचे उभेच राहिले. काकांनी सावकाश हात पुढे केला, माझ्यापुढचा पाण्याचा पेला उचलला, आणि पूर्ण सभेसमोर त्याचा वास घेतला.

"पाणीच आहे," ते म्हणाले. ते जास्तच घाबरले.

मग मी माइक घेतला. "गोळी," मी म्हणालो. "मला फिट येते. नऊ वर्षांचा असल्यापासून. तिची गोळी. दारूबिरू काही नाही." एवढंच. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुबोध माहितीपत्रक.

मी खुर्च्या सरकण्याच्या आवाजाची वाट बघत होतो. एक सरकली खरी. शिवणवाल्या काकू ती ओढत पुढे घेऊन आल्या आणि कमरेवर हात ठेवून व्यासपीठासमोर उभ्या राहिल्या.

"म्हणजे त्या दिवशी कॅरम खेळताना आम्ही जी घेऊ देत नव्हतो..."

"ती गोळीच, काकू."

"मेल्या, मग 'गोळी' असं तोंडाने म्हणायला काय झालं होतं?"

"म्हणालो होतो, काकू."

काकूंना ते आठवलं. त्या आणलेल्या खुर्चीत बसल्या आणि ओढणीने डोळे पुसायला लागल्या, आणि मधूनच मला शिव्या द्यायला लागल्या. आईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. हे सगळं बरोबर उलटं व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पाच कमी असताना पहिल्या मजल्यावरून आवाज आला, "घेतलीस का रे?" मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. पाणी सोडणाऱ्याने नळाची चावी फिरवता फिरवता विचारलं. मी खिडकीतून एकदाच ओरडलो, "घेतली!" संध्याकाळी एकशेविसावी नोंदवली, नोंदीची छापील प्रत काढली आणि ॲप काढून टाकलं. अपडेट म्हणतो, हे यश आहे. त्याच्या यशाची व्याख्या पुढच्या अपडेटमध्ये येईल.

डॉक्टरीणबाईंनी एकशेवीस गोळ्यांची नोंद बघून पत्र दिलं. उरली दोन माणसं. आई म्हणते, "साठ दिवस मी न विचारता, असं ठरलं होतं. एकोणसाठाव्या दिवशी विचारलं. म्हणजे पुन्हा एकपासून." मी म्हटलं, "चूक तुझी, शिक्षा मला?" ती म्हणाली, "नियम म्हणजे नियम," आणि टेबल पुसायला घेतलं. आणि सेक्रेटरीकाका म्हणतात, तू कधी प्यायलाच नाहीस हे मला पटतंय, पण तू दारू सोडल्याची नोंद सभेच्या इतिवृत्तात झालेली आहे. जी सुरूच झाली नाही ती सोडल्याची नोंद म्हणजे खोटी नोंद, आणि खोटी नोंद असलेल्या वहीतून दाखला निघत नाही. लेखी अर्ज कर, विचार करू. आज एक तारीख आहे. तो अर्ज असा:

प्रति, माननीय सेक्रेटरी, इमारत कार्यकारिणी.

विषय: वर्तणुकीचा दाखला मिळण्यातील अडचण दूर करणेबाबत.

महोदय, अर्जदाराने दारू सोडल्याची नोंद खरी ठरावी म्हणून, अर्जदारास वयाच्या नवव्या वर्षापासून पूर्वलक्षी प्रभावाने दारू सुरू करण्याची परवानगी कार्यकारिणीने ठरावाद्वारे द्यावी. सदर परवानगीचा प्रत्यक्ष वापर केला जाणार नाही, याची अर्जदार हमी देत आहे.

तसेच, रविवारच्या सभेत आठ वाजून एक मिनिटाने तिसऱ्या रांगेतून अर्जदाराच्या मातोश्रींनी विचारलेला प्रश्न इतिवृत्तातून वगळण्यात यावा, व तशी प्रमाणित प्रत मातोश्रींना तीन तारखेपूर्वी समक्ष देऊन त्यांची पोच घेण्यात यावी. प्रश्नाखाली नोंदवलेलं उत्तर मात्र तसंच ठेवण्यास अर्जदाराची हरकत नाही.